पलंगापासून न्हाणीघरापर्यंत : जुन्या घराच्या वायरिंगचे अंदाजपत्रक

रक्तदाब, साखर, डोळ्यांचा नंबर, गुडघ्यांची कुरकुर या साऱ्यांची विचारपूस आपण नेमाने करतो. निवृत्तीनंतर ज्या घरात दिवसाचा बहुतेक वेळ जातो, त्या घराच्या भिंतींवरून धावणाऱ्या विजेच्या तारांचे वय मात्र क्वचितच कोणी विचारते. या सदरात आजवर आपण आहार, औषधे, झोप यांविषयी बोललो. आज विजेच्या वायरिंगविषयी बोलायचे आहे, आणि तेही खर्चाच्या हिशेबासह. डॉक्टरने या विषयात का पडावे, असे कोणास वाटेल. त्याला तीन कारणे आहेत. वृद्धाला बसणारा विजेचा धक्का, अंधारात पाय अडखळून होणारा खुब्याचा अस्थिभंग, आणि घरी चालणाऱ्या प्राणवायूच्या यंत्राचा ऐनवेळी खंडित होणारा पुरवठा, या तिन्ही गोष्टींचे मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी असते. ते ठिकाण म्हणजे जुनी, थकलेली वायरिंग.

संपूर्ण घराची वायरिंग एकदम बदलणे सर्वांना परवडत नाही. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात तर त्या आकड्याच्या धास्तीनेच विषय बंद होतो. म्हणून या लेखाचे सांगणे मर्यादित आहे. घराचा एकच भाग बदलता येणार असेल, तर तो कोणता असावा, आणि हाताशी असलेला पैसा कोणत्या क्रमाने खर्च करावा, एवढेच आपण पाहू.

आपल्या नाशिकची जुनी घरे

सराफ बाजार, भद्रकाली, पंचवटी या भागांतील वाडे आठवा. माती, वीट आणि सागवान यांनी बांधलेल्या या घरांत वीज नंतर आली. लाकडी पट्ट्यांवर खिळ्यांनी ठोकलेल्या तारा, त्यांवर रबराचे आणि कापडी विणीचे वेष्टन, काळे गोल खटके आणि चिनीमातीचे फ्यूज ही त्या काळची रीत. रबर कालांतराने कडक होते, त्याला तडे जातात आणि बोट लावताच त्याचा भुगा होतो. गंगापूर रोड, कॉलेज रोडकडील जुने बंगले किंवा सिडकोतील घरे त्यामानाने नवी. पण तीही आता कित्येक दशकांची झाली. त्या पिढीतील अनेक घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. पुढे कोणी तरी त्यांना तांब्याची तार नुसती पिळून जोडलेली असते. असा जोड हळूहळू सैल होतो आणि तापू लागतो.

आणखी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुन्या घरांत अर्थिंगची तार बहुधा नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली असे. तो पाइप जमिनीत गेलेला असल्यामुळे काम कसेबसे भागत असे. गेल्या काही वर्षांत अनेकांनी गंजलेले लोखंडी नळ काढून प्लॅस्टिकचे पाइप बसवले. पाणी स्वच्छ येऊ लागले, पण विजेची जमिनीकडे जाणारी वाट त्याच दिवशी तुटली. तीन भोकांचा सॉकेट भिंतीवर दिसतो. त्याचे वरचे मोठे भोक मात्र कशालाच जोडलेले नसते. आपल्या घरात नळजोडणी बदललेली असेल, तर अर्थिंग तपासून घेणे हे पहिले काम समजावे.

गोदाकाठच्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. 2008, 2016 आणि 2019 या वर्षांच्या पुरांत नदीचे पाणी कुठवर चढले, हे काठावरच्या घरांना ठाऊक आहे. भिंतीवर ती खूण अजून असेल, तर नवा वीजबोर्ड आणि तळमजल्यावरील सर्व सॉकेट त्या खुणेच्या वर घ्यावेत. यासाठी थोडी जादा तार लागते, पण दर पुरानंतर बोर्ड बदलण्याचा खर्च आणि धोका दोन्ही टळतात.

तीस मिलिअँपिअरचा हिशेब

विजेचा धक्का शरीरात नेमके काय करतो, हे समजले की अंदाजपत्रकातील कोणती बाब कापू नये, हे सांगावे लागत नाही.

घरातील विजेचा दाब 230 व्होल्ट असतो. सुमारे 1 मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून गेला, तर जेमतेम झिणझिण्या जाणवतात. सुमारे 10 मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. 30 मिलिअँपिअरच्या पुढे, प्रवाह किती वेळ वाहिला त्यानुसार, हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहण्याचा धोका सुरू होतो. ओल्या त्वचेच्या माणसाचा विद्युतरोध सुमारे 1000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला त्याच्या शरीरातून 230 मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. धोक्याच्या मर्यादेच्या सातपटीहून हा अधिक आहे.

आता घरातील एमसीबीकडे पाहू. हे खटके बसवले म्हणजे घर सुरक्षित झाले, असा सर्वत्र समज आहे. 16 अँपिअरच्या एमसीबीला 230 मिलिअँपिअर म्हणजे त्याच्या क्षमतेचा जेमतेम सत्तरावा भाग. त्याला त्याची जाणीवही होत नाही. एमसीबी तारेला जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवणारे उपकरण निराळे आहे. त्याचे नाव आरसीसीबी. आत जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांची ते सतत तुलना करते. फरक पडला, म्हणजे वीज कुठे तरी जमिनीकडे, कदाचित माणसाच्या शरीरातून, गळते आहे. 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी एवढी गळती होताच 0.3 सेकंदाच्या आत, आणि गळती पाचपट असेल तर 0.04 सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. शांत बसलेल्या माणसाच्या हृदयाचे एक आवर्तन सुमारे 0.8 सेकंदाचे असते. एका ठोक्याचाही अवकाश न देता वीज बंद होते, हे त्याचे महत्त्व. मात्र कोणी एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांना स्पर्श केला आणि गळती जमिनीकडे झालीच नाही, तर आरसीसीबीही वाचवू शकत नाही. तेव्हा ते बसवले म्हणून उघड्या तारा चालतील, असे समजू नये.

वैद्यकीय अंगाने आणखी एक गोष्ट सांगतो. ‘न्हाणीघरात नळाला हात लावला की मुंग्या येतात’ अशी तक्रार वृद्ध व्यक्ती करतात, तेव्हा घरचे ती मधुमेहाच्या किंवा जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या खाती टाकतात. मुंग्या दिवसभर येत असतील, तर तपासणीसाठी डॉक्टरांकडे यावे. नळ, गिझर किंवा फ्रीज यांना हात लावतानाच येत असतील, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावलेल्या माणसाला सौम्य गळती कळतही नाही, म्हणून घरातील इतरांनी विचारत राहावे.

पहिला भाग कोणता?

आजी-आजोबा दिवसाच्या आणि रात्रीच्या चोवीस तासांत घरात कुठून कुठे जातात, ती वाट डोळ्यांसमोर आणा. बहुतेक घरांत ती पलंगापासून शौचालय आणि न्हाणीघरापर्यंतची असते. वायरिंगच्या पहिल्या टप्प्यात हीच वाट घ्यावी. पाहुण्यांसमोर दिसते म्हणून दिवाणखान्यापासून आरंभ करण्याचा मोह होतो, तो आवरावा. धक्क्याचा धोका पाण्याजवळ अधिक, पडण्याचा धोका रात्रीच्या वाटेवर अधिक, आणि वैद्यकीय यंत्रे पलंगाजवळ. तिन्ही धोके एकाच पट्ट्यात आहेत, म्हणून तिथे खर्चलेल्या पैशाचे चीज होते.

या वाटेवर काय असावे? पलंगावर पडल्या पडल्या हाताला येईल असा दिव्याचा खटका, आणि त्याच दिव्याचा दुसरा खटका दाराजवळ. याला टू-वे जोडणी म्हणतात आणि तिला फक्त थोडी अधिक तार लागते. वाटेवर पायाच्या उंचीवर मंद दिवा, जो रात्रभर चालू राहील. वयाच्या साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश उरतो, हे लक्षात घेतले तर तरुण मुलाला ‘पुरेसा’ वाटणारा उजेड आजोबांना का पुरत नाही, ते कळेल. सॉकेट जमिनीलगत न ठेवता कमरेच्या उंचीजवळ घ्यावेत. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने वाकून प्लग लावला आणि झटकन उभे राहिले, तर डोळ्यांपुढे अंधारी येते.

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण घरात असेल, तर खटक्यांची जागा शक्यतो बदलू नये. चाळीस वर्षे ज्या जागी हात गेला, तिथेच तो अंधारात पुन्हा जाणार. नवा बोर्ड सुंदर असला, तरी तो दुसऱ्या भिंतीवर गेला की त्या माणसासाठी घरातला दिवाच हरवतो.

न्हाणीघरात बादलीत रॉड टाकून पाणी तापवण्याची सवय नाशिकच्या थंडीत फार घरांत आढळते. रॉड चालू असताना पाण्यात हात घालून ‘तापले का’ हे पाहण्याने जीव जाऊ शकतो. वायरिंग होईपर्यंत तरी रॉड बंद करून गॅसवर पाणी तापवावे, आणि भरलेले पातेले उचलण्याचे काम तरुण हातांनी करावे. गिझरसाठी स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि पक्के अर्थिंग हवे. त्याचा खटका ओल्या हाताच्या पल्ल्याबाहेर, शक्य तर दाराबाहेर असावा.

भाराची बेरीज

वायरमन येण्यापूर्वी एक कागद घ्या आणि घरातील उपकरणांचे वॅट लिहून काढा. उपकरणाच्या मागील पट्टीवर ते छापलेले असतात. उदाहरणादाखल : साठवणीचा गिझर 2000, इस्त्री 1000, एक अश्वशक्तीचा पंप सुमारे 750, मिक्सर 500, फ्रीज 200, पाच लिटरचे प्राणवायू यंत्र सुमारे 350, आणि दिवे-पंखे मिळून 400. बेरीज 5200 वॅट. तिला 230 ने भागले की जवळजवळ 23 अँपिअर येतात. ही सर्व उपकरणे एकाच वेळी चालतीलच असे नाही, पण सकाळी सहा ते आठ या वेळेत त्यांतील बरीच चालतात. आता महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ किती आहे, ते पाहा. तो जुनाच, एखाद्या किलोवॅटचा असेल, तर भार वाढवून घेण्याचा अर्ज आणि त्याचे शुल्क हीदेखील अंदाजपत्रकातील एक ओळ आहे. मीटरपर्यंतची जोडणी महावितरणची आणि मीटरपुढील सर्व आपली, हा विभाग ध्यानात ठेवावा. मीटरला किंवा त्याच्या सीलला खासगी वायरमनने हात लावू नये.

तारेची जाडीही याच बेरजेवरून ठरते. सर्वसाधारणपणे दिवे-पंख्यांना 1.5, सोळा अँपिअरच्या सॉकेटला 2.5, आणि गिझर किंवा वातानुकूलन यंत्राला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतात. प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते, म्हणून जाडीत काटकसर महाग पडते. तारेवर आयएसआय चिन्ह असल्याची खात्री स्वतः करून घ्यावी.

अंदाजपत्रक कसे मांडावे?

आपल्याकडे वायरिंगचे काम ‘पॉइंट’वर मोजतात. समजा, तळमजल्यावरील तीन खोल्यांचे जुने घर आहे आणि आजींच्या खोलीत प्राणवायूचे यंत्र आहे. पहिल्या टप्प्यात त्यांच्या खोलीत दोन दिवे, एक पंखा, एक रात्रीचा दिवा, दोन साधे सॉकेट, यंत्रासाठी एक सोळा अँपिअरचा सॉकेट आणि माणूस बोलावण्याची घंटा असे आठ पॉइंट येतील. बोळात एक मुख्य दिवा आणि एक मंद दिवा. न्हाणीघर-शौचालयात दोन दिवे, गिझर आणि हवा बाहेर फेकणारा पंखा. एकूण चौदा पॉइंट झाले. सगळ्या घराचे चाळीस-बेचाळीस पॉइंट निघत असतील, तर हा एक-तृतीयांश भाग. आकडा असा समोर आला की अशक्य वाटणारे काम आवाक्यात दिसू लागते.

मात्र पॉइंटच्या दरात सर्व काही येत नाही. किमान तीन ठिकाणांहून लेखी दरपत्रक घ्या आणि प्रत्येकाला हेच प्रश्न विचारा. पॉइंटचा दर मालासह की नुसत्या मजुरीचा? त्यात पाइप, बोर्डाची पेटी आणि झाकणपट्टी धरली आहे का? मीटरपासून नव्या बोर्डापर्यंतची मुख्य तार, एमसीबीचा बोर्ड, आरसीसीबी आणि अर्थिंग यांचे दर वेगळे लिहिले आहेत का? भिंतीत झिऱ्या मारल्यावर गिलावा कोण करणार, आणि राडारोडा कोण उचलणार? जीएसटी दरात धरला आहे की वरून लागणार? दरपत्रकावर तारेची कंपनी आणि जाडी स्पष्ट लिहून घ्यावी. सर्वांत कमी आकडा पुष्कळदा यांतील दोन-तीन ओळी गाळूनच कमी झालेला असतो.

ठरलेल्या शंभर रुपयांपैकी पंधरा ते वीस रुपये बाजूला राखून ठेवावेत. जुन्या भिंतीत काय सापडेल, हे ती फोडल्याशिवाय कळत नाही. ओल, पोकळ विटा, कुजलेली लाकडी पट्टी, आधीच्या कोणी पुरून ठेवलेला जोड असे काहीही निघू शकते.

पैसे कमी पडले तर काय कापावे? दिखाऊ झाकणपट्ट्या, शोभेचे दिवे, आणि भिंत फोडून तारा आत लपवण्याचा हट्ट. भिंतीवरून प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टीतून नेलेली वायरिंग स्वस्त पडते, धूळ कमी करते, आणि पुढे दुरुस्तीलाही सोपी जाते. काय कापू नये? अर्थिंग, आरसीसीबी, तारेची जाडी आणि शेवटची चाचणी. या चारही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून घासाघाशीत आधी त्यांच्यावरच गदा येते.

वाडा जुना असून महापालिकेकडून त्याला धोकादायक इमारतीची नोटीस आलेली असेल, तर सर्वप्रथम राहत्या माणसांच्या स्थलांतराचा विचार हवा. अशा भिंतींत झिऱ्या मारण्यात पैसा घालू नये आणि भिंतही आणखी कमकुवत करू नये. आपण भाडेकरू असाल, तर काम काढण्यापूर्वी घरमालकाची लेखी संमती घ्यावी. खर्चाचा वाटा कोणाचा किती, हेही त्याच कागदावर यावे. भावंडांमध्ये खर्च वाटून घ्यायचा असेल, तरी हाच नियम.

अर्धे जुने, अर्धे नवे

घराचा एकच भाग बदलण्यात एक अडचण आहे आणि ती आधी माहीत असणे बरे. जुन्या तारांतून थोडी गळती सतत होतच असते. सगळ्या घराला मिळून एकच आरसीसीबी लावले, तर ते वारंवार पडते. मग कंटाळून कोणी तरी ते काढून तारा थेट जोडून टाकतो, आणि केलेला खर्च वाया जातो. त्यासाठी नवा भाग स्वतंत्र बोर्डावर, स्वतंत्र आरसीसीबीवर घ्यावा. जुन्या भागाची आणि नव्या भागाची न्यूट्रल तार कुठेही एकमेकींत मिसळू नये. ती मिसळली की निरोगी आरसीसीबीही पडत राहते. हे वाक्य वायरमनला वाचून दाखवले तरी चालेल.

प्राणवायूचे यंत्र किंवा फुगणारी गादी ज्या सॉकेटवर चालते, तो सॉकेट गिझरच्या आरसीसीबीवर ठेवू नये. पहाटे गिझरमध्ये गळती होऊन ते पडले, तर आजींचा प्राणवायूही त्याच क्षणी थांबेल. या सॉकेटसाठी एमसीबी आणि आरसीसीबी या दोहोंचे काम करणारे स्वतंत्र उपकरण, म्हणजे आरसीबीओ, बसवून घ्यावे. हे यंत्र एक्स्टेंशन बोर्डावर कधीही चालवू नये. ज्या खोलीत प्राणवायू चालतो, तिथे निरांजन, उदबत्ती आणि काडेपेटी नको. देवघर त्याच खोलीत असेल, तर समई दुसऱ्या खोलीत लावावी.

काम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराकडून चाचणी अहवाल घ्यावा. मेगर नावाच्या उपकरणाने 500 व्होल्टला तारांच्या वेष्टनाचा रोध मोजतात; तो किमान 1 मेगाओहम भरला पाहिजे. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडेच द्यावे, आणि बिलाचा शेवटचा दहावा हिस्सा हा अहवाल हाती येईपर्यंत राखून ठेवावा. त्यानंतर महिन्यातून एकदा आरसीसीबीवरील ‘टी’ अक्षराचे बटण दाबून ते पडते का, हे पाहावे. बटण दाबण्यापूर्वी त्यावर कोणाचे प्राणवायू यंत्र चालू नाही ना, याची खात्री करावी.

कामाचे दिवस आणि घरातला रुग्ण

नाशिकच्या हवेचा विचार केला, तर फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध या कामाला सोयीचा. पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही काळ जुन्या भिंतींत ओल मुरलेली असते. दिवाळीपूर्वी कारागीर मिळणे अवघड. ऐन थंडीत गिझर बंद ठेवता येत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये पंख्यावाचून वृद्धांना उष्णतेचा त्रास होतो. जुन्या तारांची तपासणी मात्र पावसाळ्यात करून घ्यावी. तारांचा खरा दोष ओलीतच उघड होतो.

दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असलेल्या व्यक्तीला भिंत फोडण्याच्या दिवसांत त्या घरात ठेवू नये. चुन्याची आणि सिमेंटची धूळ ओल्या फडक्याने पुसून, एक दिवस हवा खेळू देऊन मगच परत आणावे. दुसरीकडे जाणे शक्य नसेल, तर एका वेळी एकच खोली घ्यावी आणि मधल्या दाराला ओली चादर लावावी. औषधांची पिशवी, वाफेचे यंत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी ठेवावी. इन्सुलिन फ्रीजमध्ये असेल, तर वीज बंद असताना फ्रीज उघडू नये.

प्राणवायूवर असलेल्या रुग्णासाठी वीज बंद राहण्याचे तास आधी मोजावे. 150 अँपिअर-तासांची, 12 व्होल्टची एक चांगली बॅटरी असलेला इन्व्हर्टर 350 वॅटचे यंत्र तीन तासांच्या आसपास चालवतो; बॅटरी जुनी असेल, तर त्याहूनही कमी. दहा लिटरच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला 2 लिटरच्या गतीने तो साधारण बारा तास पुरतो. म्हणून कामाच्या दिवसांत भरलेला सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर आदल्या दिवशीच घरात आलेला असावा. तो कसा उघडायचा, हे घरातील दोघांना तरी यायला हवे.

ज्येष्ठांचा विरोध हाही या नियोजनाचा भाग आहे. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यावर वाद घालू नये. काम आपल्या पैशाने, आपल्या घरात, आपल्याला न विचारता होत आहे, ही बोच पुष्कळदा त्यामागे असते. खटका कुठे हवा, दिवा किती उजळ हवा, घंटा उशाशी हवी की पायथ्याशी, हे त्यांनाच विचारावे. पलंगावर निजून त्यांनी हात लांबवावा आणि बोट टेकेल तिथे खडूने खूण करावी. वायरमनने त्याच खुणेवर बोर्ड बसवावा.

आणि तरीही कोणाला धक्का बसलाच, तर त्या व्यक्तीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. तो हाताशी नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूने तार दूर सारा. श्वास चालत नसेल, तर 108 ला दूरध्वनी करून छाती दाबण्यास ताबडतोब आरंभ करा. बेशुद्धी आली असेल, त्वचा भाजली असेल, छातीत धडधड होत असेल किंवा आधीपासून हृदयविकार असेल, तर ‘आता बरे वाटते’ म्हणून घरी थांबू नका. ईसीजी काढून घ्या.

पुढील अंक हाती येईपर्यंत एवढे करून ठेवावे. आरसीसीबी घरात आहे का, हे बोर्ड उघडून पाहा. असेल तर त्याचे बटण दाबून पाहा. बिलावरील मंजूर भार आणि उपकरणांचे वॅट एका कागदावर लिहा. आज रात्री दिवे मालवल्यावर आजी-आजोबांबरोबर पलंगापासून न्हाणीघरापर्यंत एकदा चालून जा, आणि त्यांचा हात अंधारात कुठे कुठे चाचपडतो, हे नीट पाहा. अंदाजपत्रकाची पहिली ओळ तिथूनच लिहायची आहे.